ठेंगणं दार

उदगीरहून जळकोटला जाताना लागणाऱ्या माळावर शहीद जवानांचं संग्रहालय उभं राहत होतं, आणि ते बांधणाऱ्या गीतांजलीचा सगळा जीव त्याच्या दारात अडकला होता. काळ्या दगडाच्या भिंतीत तिनं मुद्दाम ठेंगणं दार ठेवलं होतं. येईल त्यानं वाकूनच आत जावं. तेवढाच नमस्कार, कुणी न सांगता घडलेला.

उद्घाटन तोंडावर आलं तरी आतल्या भिंतीवर एक चौकट रिकामीच होती. गावातल्या रुक्मिणबाई नवऱ्याचा फोटो काही देईनात. एकाहत्तरच्या लढाईत तो बेपत्ता झालेला, पण बाईंचं कुंकू अजून बंद्या रुपयाएवढं.

"मावशी, परत न आलेल्यांचं हे घरच समजा," गीतांजली म्हणाली.

"घर म्हणता अन् दार असलं? आमचे मालक ताडमाड हायेत. कपाळमोक्ष व्हईल की त्यायचा." म्हातारी खुदकन हसली. "आधी दार उंच करा. मग बघू."

गीतांजलीही हसली. दाराला हात लावायचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दाराच्या वरच्या कडेला, ओल्या गिलाव्यात, खळगा पडलेला. कपाळाएवढा. गुलाम रसूल मिस्त्रींनी तो कुरकुरत बुजवला. दुपारी सगळे लिंबाखाली भाकरी खात होते. समोर दार, दारात चिटपाखरू नाही.

ठक्क.

खळगा पुन्हा तिथंच. जवळ गेल्यावर चमेलीच्या तेलाचा वास.

"मॅडम, वरचा दगड काढून टाकू," मिस्त्री हळूच म्हणाले. "कुणीतरी ताटकळून राहिलंय."

गीतांजलीनं खळग्यावरून बोट फिरवलं. मग मान डोलावली.

उद्घाटनाला रुक्मिणबाई नवं लुगडं नेसून आल्या. आत जाऊन आल्या त्या उजळलेल्या चेहऱ्यानं.

"फोटो आणलात?"

"आता कशाला? फोटो न आलेल्यांचे लावतेत."

गीतांजलीनं त्यांना गाडीतून घरी सोडलं. बाई मागं बसल्या, अगदी खिडकीला खेटून, अंग चोरून.

घराचं दार जुन्या पद्धतीचं, ठेंगणंच. बाई वाकून आत गेल्या. गीतांजली अजून गाडीपाशीच उभी होती.

रिकाम्या दारात ठक्क झालं.

आतून रुक्मिणबाईंचं हसू ऐकू आलं, नव्या नवरीसारखं.

"वाका म्हणलं नव्हतं का?"