सुटकेचं कलम

व्हिएन्ना दरबाराचा हरकारा म्हणून मी, कास्पर ओबरमोझर, अर्धं आयुष्य रस्ते तुडवले. घोडे, हवामान आणि रस्ता यांपलीकडच्या कशावर माझा विश्वास नव्हता.

१७६३च्या फेब्रुवारीत माझ्या हाती एक पेटी आली. सात वर्षांच्या युद्धानंतर प्रशियाशी झालेला तह तीत होता. मखमली बांधणी, अखेरच्या पानावर महाराणींची सही, रेशमी दोरीला लाखेची मुद्रा. प्रशियाच्या राजानं सही केलेली प्रत घेऊन त्यांचा हरकारा उत्तरेकडून येणार होता. सॅक्सनीतल्या ह्युबर्टुसबुर्ग महालात प्रतींची अदलाबदल झाली, की दोन्हीकडचे कैदी सुटणार. माझा धाकटा भाऊ फाइट त्यांच्या किल्ल्यात कैद होता.

“सरकार, पेटी जरा खाली ठेवा की,” गाडीवान वाव्रा म्हणाला. हा बोहेमियाचा, तोंडानं फटकळ. “नवी नवरी मांडीवर घेतल्यासारखी धरलीय!”

“नवरी रुसून गेली तरी परत येते. ही गेली तर गेली. तू पुढं बघ.”

सॅक्सनीत बर्फ वितळू लागलं होतं. भर दुपारी दाट धुकं उतरलं. गेल्या शरदात इथं मोठी लढाई झाली होती. शेतं नांगरटीवाचून पडलेली. बांधावर कावळे ओळीनं बसले होते, पण एकही ओरडत नव्हता. मग दोन्ही बाजूंनी, आमच्या चालीनं, चिखल तुडवल्याचा आवाज येऊ लागला.

“मेंढरं असतील,” वाव्रा पुटपुटला.

“मेंढरं बूट घालतात?”

त्यानं नजर रस्त्यावरच ठेवली. घोड्यांचे कान मात्र टवकारलेले राहिले.

पुढे गोठलेला ओढा लागला. मधोमध बर्फ फुटलं आणि मागचं चाक खचलं. गाडी कलली, पाणी आत शिरलं. मी पेटी डोक्यावर धरून उभा राहिलो. गाडी प्रवाहात सरकू लागली. मला दिसत होता फक्त फाइट, गजांमागे.

तेवढ्यात चाकाला हात लागले.

निळ्या बाह्या होत्या. शत्रूच्या. धुक्यात त्यांची तोंडं दिसत नव्हती.

“कोरडं ठेवा ते,” कुणीतरी म्हणालं. बोली थेट उत्तरेकडची. गाडी उचलली गेली.

काठाशी आल्यावर त्याच आवाजानं हळूच विचारलं, “सुटकेच्या कलमात आम्ही आहोत का?”

वाटलं, पळून आलेले कैदी असतील.

“आहात,” मी म्हणालो. “सगळेच आहात.”

धुक्यात एक मोठा सुस्कारा ऐकू आला.

ब्रँडीची बाटली पुढे करायला मी वळलो. ओढा रिकामा होता. काठावरच्या चिखलात आमच्या घोड्यांच्या टापा आणि चाकांच्या चाकोऱ्या होत्या, दुसरं काही नाही. वाव्रानं छातीवर क्रूसाची खूण केली. मुक्कामापर्यंत त्यानं घोडे थांबवले नाहीत.

महालात अदलाबदल सुरळीत पार पडली. मग प्रशियाचा हरकारा लुडेके आणि मी शेकोटीशी बियरचं गरम सार पीत बसलो. काल एकमेकांवर गोळी झाडली असती.

“येताना अडचण आली का?” मी सहज विचारलं.

त्याचा चमचा थांबला. “रस्त्यात झाड आडवं पडलं होतं. तुमच्या माणसांनी उचललं. पांढरे डगले होते, बोली तुमची. मला विचारत होते...” त्यानं वाडगा खाली ठेवला. “मी हो म्हणालो, ओबरमोझर. चुकलं का माझं?”

“नाही,” मी म्हणालो. “मीही हेच म्हणालो.”

एप्रिलमध्ये मी घरी होतो. आमचं घर क्रेम्सला, डॅन्यूबकाठी. उंबऱ्यावर फाइट उभा राहिला. हाडं वर आलेली, पण हसत होता. आईनं त्याला छातीशी घट्ट धरलं. फाइटचं लक्ष मात्र मागे गल्लीकडे होतं.

“आई, अगं, गल्लीतले सगळे माझ्याबरोबरच चालत आले. दादा, त्यांना म्हणावं, आता लाजू नका, आपापल्या घरी जा.”

मी बाहेर डोकावलो. लख्ख ऊन पडलं होतं. वारा नव्हता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

आणि ज्यांची मुलं युद्धातून परतली नव्हती, त्यांच्या घरांची दारं एकेक करून आतून उघडत होती.