कार्यालयीन उपयोगासाठी

चहा आला तेव्हा भिंतीवरच्या पडद्यावर अकरा हजार माणसं एका अशा कार्यालयातून फिरत होती, जे अजून सुरूच झालं नव्हतं.

माणसं म्हणजे ठिपके. दिनकर ठोसर कागदी कप हातात धरून त्यांच्याकडे बघत बसले होते. पुरवठा शाखेतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. नव्या नागरिक सेवा पोर्टलच्या आखणीसाठी खिडकीचा अनुभव असलेलं कोणीतरी हवं म्हणून त्यांना सल्लागार नेमलं होतं. घरी बसून तरी काय करायचं, म्हणून ते येत होते.

"प्रत्येक ठिपका एक प्रतिनागरिक आहे, काका," मृण्मयी सातपुतेनं पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं होतं. पोर्टलची रचना तिच्याकडे होती. "जिल्ह्यातल्या खऱ्या माणसांनी वीस वर्षांत केलेले अर्ज, घातलेल्या फेऱ्या, जुन्या संकेतस्थळावर कुठे थांबले, कुठे चुकले, सगळं घेऊन बनवलेला. नाव नाही, फक्त क्रमांक. खरा माणूस जसा वागेल तसाच हा वागतो. त्याचा एक महिना आपण दहा मिनिटांत बघतो."

"आणि काम झालं की?"

"ठिपका विझतो."

आज बैठक एकाच अडचणीसाठी होती. दाखले, उतारे, परवाने, सगळीकडे ठिपके भराभर विझत होते. फक्त 'शिधापत्रिकेतून नाव कमी करणे' या सेवेत ते खोळंबत होते. घरातलं माणूस गेलं की करायचा हा अर्ज. शंभरातले एकतीस जण सगळा अर्ज भरत, शेवटच्या पानावर येत आणि परत फिरत.

"बटणाचा रंग बदलून पाहिला, मजकूर सोपा केला," मृण्मयी म्हणाली. "दोष सापडत नाहीये."

"सापडायची गरज नाही," प्रकल्प संचालक नदाफ साहेब म्हणाले. "ते पानच काढून टाकू. मृत्यूची नोंद झाली की पोर्टल आपोआप नाव कमी करेल. जुनी राहिलेली नावंसुद्धा सोमवारी एकदम जातील. लोकांची एक फेरी वाचली. ठोसर, तुमची सही लागेल."

ठोसरांनी कप खाली ठेवला. "जुनी म्हणजे किती?"

"दोन हजार एकशे चाळीस."

त्यातलं एक नाव प्रमिलाचं, त्यांच्या बायकोचं होतं. ते ठोसरांनी सांगितलं नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरातली नावं त्यांनी लाल शाईनं कमी केली होती, आणि स्वतःच्या घरातलं चौदा महिने तसंच होतं.

"थांबलेल्यांपैकी एखादा जवळून बघता येईल का?" त्यांनी विचारलं. वेळ काढायला विचारलं, एवढंच.

मृण्मयीनं यादी उघडली. "हा बघू. क्रमांक चाळीस हजार चारशे सतरा. एकोणीस वेळा अर्ज भरलाय याने. दर गुरुवारी सकाळी. आणि काका, गंमत म्हणजे चार मिनिटांत भरतो, एकही चूक नाही. फक्त एक विचित्र सवय आहे. वरच्या कोपऱ्यात 'कार्यालयीन उपयोगासाठी' अशी चौकट आहे ना, कागदी अर्जावरून तशीच आलेली? ती अर्जदारानं कोरी सोडायची असते. हा तीसुद्धा भरतो. शाखेचा जुना क्रमांक वगैरे घालून."

नदाफ हसले. "आपलाच कोणी कारकून दिसतोय. हात थांबत नाही."

पडद्यावर ठिपका शेवटच्या पानावर आला. तिथे नवी शिधापत्रिका दिसत होती, बदलानंतर कशी दिसेल ती. कुटुंबप्रमुख, आणि खाली मोकळ्या ओळी. ठिपका थोडा वेळ तिथे राहिला आणि परत फिरला.

ठोसरांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. गुरुवारी त्यांच्या गल्लीत पाणी येत नाही. सकाळ मोकळी असते.

मृण्मयी त्यांच्याकडे बघत होती. तिचं हसू मावळलं होतं.

"दोष नाही हा," ठोसर म्हणाले. "खिडकीवर बायका यायच्या. अर्ज पूर्ण, दाखला जोडलेला. मी पेन उचललं की म्हणायच्या, राहू द्या भाऊसाहेब, पुढच्या आठवड्यात येते. मी अर्ज बाजूला ठेवून द्यायचो. खाली लाकडी खणात एक गठ्ठाच होता अशा राहिलेल्यांचा."

"म्हणजे काम प्रलंबित ठेवायचात," नदाफ म्हणाले.

"हो. ठेवायचो."

"आणि गेलेल्या माणसाचं धान्य कोण उचलायचं?"

"कोणी नाही. तो दाखला बघितला की त्याच दिवशी धान्य बंद. ते सरकारचं काम, ते आपोआप करा, उद्या करा. कार्डावरचं नाव मात्र घरच्यांचं आहे. ते त्यांच्या हातानं जाऊ द्या. शेवटच्या पानावर आणखी एक बटण द्या. 'आज नको' म्हणून."

नदाफ साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कपाळ चोळलं. "ठोसर, वर्षानुवर्षं असं उघडं ठेवता येत नाही. काहीतरी मर्यादा घाला. किती दिवस?"



"प्रतिनागरिकांना विचारू," मृण्मयी म्हणाली. "दुसरं बटण देऊन पुढची दहा वर्षं चालवते."

सगळे पडद्याकडे बघत राहिले. ठिपके थांबत, परत जात, पुन्हा येत. मग एकेक विझायला लागले. दोन महिने. सात महिने. दीड वर्षापर्यंत बहुतेक विझले.

"पाचशे चाळीस दिवस," नदाफ म्हणाले. "तेवढी मर्यादा ठेवू. चालेल?"

ठोसरांनी मनात हिशेब केला. चार महिने उरत होते.

"काका," मृण्मयी हळू आवाजात म्हणाली, "त्या एकाचं काय झालं, बघायचंय?"

"नको."

"बरं." तिनं पडदा बंद केला. पण तिच्या पुढ्यातला छोटा पडदा चालूच होता. तिनं बोटानं यादी खाली सरकवली, एका ओळीवर बोट थांबलं. ती ओळ तिनं बराच वेळ वाचली. आकडा वाचायला इतका वेळ लागत नाही.

मग तिनं मान वर केली. "सर, मर्यादा नकोच ठेवूया."

"आता का? आकडा ठरला ना?"

"धान्य तर बंदच होतंय. उरलेली नावं कोणाचं काय अडवतायत?" तिचा आवाज जरा कोरडा झाला होता. "नकोच, सर."

नदाफांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि हात झटकला. "ठीक. लिहा तसं."

ठोसरांनी सही केली. जिना उतरताना मृण्मयी त्यांच्या पिशवीला हात लावून म्हणाली, "द्या, मी घेते." पिशवी रिकामीच होती, फक्त जेवणाचा डबा. त्यांनी ती दिली.

पोर्टल सोमवारी सुरू झालं. गुरुवारी सकाळी भांडी विसळून ठोसर टेबलापाशी बसले. दर गुरुवारसारखाच अर्ज उघडला. वरची चौकट काढून टाकली होती. त्यांचं बोट त्या कोपऱ्याकडे गेलं आणि तिथे काहीच नाही म्हणून परत आलं. तरीही चार मिनिटांतच शेवटचं पान आलं.

कुटुंबप्रमुख. खाली मोकळ्या ओळी. दोन बटणं.

तिनं त्या ओळीवर काय वाचलं असेल, हे त्यांना कळत होतं, आणि विचारायचं नव्हतं. तो चाळीस हजार चारशे सतरा दहा वर्षं येत राहिला असणार, दर गुरुवारी. पण तो एकटा होता. 'मर्यादा नको' म्हणणारं त्याला कोणी भेटलं नव्हतं, जिन्यात रिकामी पिशवी कोणी घेतली नव्हती. तेवढ्यानं माणसाचा आकडा बदलतो का?

त्यांनी 'आज नको'वर बोट ठेवलं, आणि ते दाबून परत फिरायला पहिल्यांदाच नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.