कवेत न मावलेलं झाड

रुंदीकरणात त्या रस्त्यावरची झाडं एकेक करून गेली, तेव्हा सावलीची अशी टंचाई झाली की माणसं दिव्याच्या खांबाच्या सावलीत अंग चोरून उभी राहत, आणि एखादा जाडा गृहस्थ निघाला की त्याच्या मागे चालायला रांग लागे. खोटं वाटतं? राहू द्या. पण एक झाड उरलं होतं आणि त्याखाली छत्र्या दुरुस्त करणारी एक पोरगी बसायची, हे मात्र खरं.

एका दुपारी मोजणीदार आला. हातात लाल रंगाचा डबा, नजर मात्र भलतीकडेच.

"माझ्या जोडीदार व्हाल का?"

तिच्या हातातली छत्री फटकन उघडली. "ओळख ना पाळख, आणि एकदम—"

"अहो, मोजणीपुरत्या!" तो कानापर्यंत लाल झाला. "माझा जोडीदार रजेवर आहे. दोघांच्या कवेत मावलं तर झाड पाडायचं, नाही मावलं तर रस्ता वळवायचा. असा नियम आहे."

"म्हणजे माझे हात पुरले, तर माझंच छप्पर जाणार?"

"...हो."

"आणि मी नाहीच म्हटलं तर?"

"मग तो येईल." त्यानं समोर बोट दाखवलं.

समोर ट्रकच्या आडोशाला करवत घेऊन मुकादम बसला होता. हात इतके लांब की हा माणूस उभ्यानं, न वाकता, बुटाच्या नाड्या बांधायचा. पोरगी लगेच उठली.

दोघांनी दोन बाजूंनी झाडाला मिठी मारली. गाल खोडाला, एकमेकांचं तोंड दिसेना.

"ताणा की जरा!"

"ताणतेच आहे," ती म्हणाली. अजिबात ताणत नव्हती.

त्याची मात्र पंचाईत झाली. हात लांबवावा तर झाड जाणार, आखडावा तर तिची बोटं हाती लागायची राहणार. हात काही ऐकेना. हळूच पुढे सरकला… आणि करंगळीला काहीतरी ऊबदार टेकलं.

"लागलं काहीतरी…" तो पुटपुटला.

"मुंगी असेल."

"मुंगीला नख असतं?"

"इथल्या मुंग्यांना असतं." मग अगदी हळू, "मोजणीदार… मुंगीच आहे ना?" आता आवाजात थट्टा नव्हती.

"काय साहेब, लागले का हात?" मुकादम ओरडला.

मोजणीदारानं डोळे मिटले.

"नाही लागले! रस्ता वळवावा लागणार!"

तिची करंगळी पुढे आली. मागोमाग बाकीची बोटं… आणि अख्खा पंजा त्याच्या पंजात शिरला.

"अहो, मग सोडा की आता झाडाला!" मुकादम म्हणाला.

"झाड केव्हाच सोडलंय," ती हसू दाबत म्हणाली, "हेच सोडत नाहीयेत!"

'हे' म्हणून गेली ती! पटकन जीभ चावली. मुकादमानं करवत टाकून टाळी वाजवली, आणि खोडापलीकडून अडखळत आवाज आला,

"परत एकदा म्हणाल…?"