टीराबाईंच्या कपाटातली किटली

ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका, माझं काही अडत नाही. पण कधी वेटर्न तळ्याकाठच्या आमच्या गावात आलात, तर संग्रहालयातल्या शेवटच्या खोलीत नक्की डोकावा.

भुतं म्हणे मध्यरात्री येतात.

आमच्याकडे आलं ते दुपारी तीन वाजता. नोव्हेंबर २०१६, गुरुवार. आमच्या उत्तरेकडे त्या दिवसांत तीनलाच दिवे लावावे लागतात, एवढाच काय तो अंधार.

माझं नाव सिव. तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची होते. आमच्या गावात चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना होता, तो केव्हाच बंद पडला. माझी आई येर्दा तिथे एकतीस वर्षं कपबशा रंगवायची. निळी डहाळी, तिच्यावर तीन लाल बोरं. नक्षीचा नमुना काढणाऱ्या साहेबांचं नाव प्रत्येक बशीखाली छापलेलं असायचं. रंगवणारीला फक्त एक खूण करायची मुभा होती. आईची खूण म्हणजे एक वळलेली रेघ आणि खाली ठिपका.

भट्टीतून निघालेला माल दर्जा तपासणाऱ्या टीराबाईंच्या टेबलावर जायचा. त्या एकेक भांडं उचलायच्या, बोटाच्या सांध्याने टकटक करायच्या, कान देऊन ऐकायच्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "पहिला." नाहीतर, "दुसरा."

दुसरा म्हणजे दुसरा दर्जा. मग कानस घेऊन खालच्या शिक्क्यावर एक आडवा ओरखडा.

आईची भांडी बहुतेक दुसरीच ठरायची. "माझा हातच दुसऱ्या दर्जाचा," असं ती घरी येऊन म्हणायची. ईस्टरची अंडीसुद्धा ती रंगवायची नाही, आम्हा मुलांपुढे सरकवायची. हेच मनात धरून ती गेली. मला ते आजही सहन होत नाही.

म्हणून मी तिची भांडी जमवायला लागले. एकोणीस वर्षं. कोठारांत भरणारे जुने बाजार पालथे घातले, मेलेल्या माणसांच्या घरचे लिलाव पाहिले, केळ्यांच्या खोक्यांत कागदात गुंडाळलेल्या बशा उपसल्या. बशी उलटी करायची, आईची खूण शोधायची. खूण असली पण ओरखडाही असला, तर बशी परत खोक्यात. मला फक्त पहिला दर्जा हवा होता. आईचा हात कसा होता ते गावाला दाखवायचं होतं.

पंचेचाळीस नग जमले. संग्रहालयातली लोविसा ते मांडायला तयार झाली. रंगवणाऱ्या बाईचं नाव पाटीवर लागणार, आमच्या गावात पहिल्यांदाच. मी तिला तोऱ्यात सांगितलं होतं की एकावरही ओरखडा नाही.

फक्त कॉफीची किटली मिळत नव्हती.

त्याच सुमारास टीराबाई वारल्या, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. घरातल्या सामानाचा लिलाव निघाला. माझा धाकटा भाऊ रुने गाडी घेऊन आला. स्वयंपाकघरातल्या कपाटात, अगदी मागे, किटली होती. मी ती उलटी केली...

आईची खूण. आणि ओरखडा नाही.

जन्मभर जिचा माल नाकारला, तिचीच किटली बाईंनी स्वतःच्या घरी नेऊन ठेवली होती. माझे कान तापले. मी हात वर केला तो खालीच घेईना. शेवटी रुने कानात म्हणाला, "ताई, दुसरं कोणी बोली लावतच नाहीये. स्वतःशीच चढाओढ लावलीयस."

घरी येऊन कॉफी केली. रुने आमच्या आजोबांसारखी दातांत साखरेचा खडा धरून बशीतून कॉफी पितो. मी किटली उचलली, बोटाच्या सांध्याने टकटक केली. काय सुरेख वाजली.

मी मोठ्याने म्हटलं, "पहिला."

रुनेची बशी ओठांपाशीच थांबली. "ते आपण म्हणायचं नसतं, ताई."

खरं होतं. दर्जा टेबलावरच्या बाईनेच बोलायचा, असा आमच्याकडे नियम होता. टेबलावर बाई नसताना कोणी दर्जा बोललं तर बाई येते, असं कारखान्यातल्या जुन्या बायका म्हणायच्या. लहानपणी रुनेने ताट वाजवून "दुसरा" म्हटलं, तेव्हा आईने त्याला भरल्या ताटावरून उठवलं होतं.

"बाई मेली," मी म्हटलं. "आता मी बोलणार."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. घड्याळात तीन वाजले. आणि जेवणाच्या खोलीतून...

टिंग.

मी हात थांबवला.

टिंग... मग... खर्रर्र.

मी धावत गेले. खोलीत कोणी नव्हतं. आईची भांडी ठेवलेलं कपाट बंद होतं. आत फळीवरच्या कागदावर चिमूटभर पांढरी पूड पडली होती. मी एकेक बशी उलटी केली. तीन बशांच्या शिक्क्यांवर आडवे, ताजे ओरखडे होते.

मी जमिनीवर बसून रडले. भीतीने नाही, संतापाने.

शुक्रवारी कपाटाला कुलूप लावलं. आवाज आलाच. शनिवारी सगळं टॉवेलांत गुंडाळून खोक्यात भरलं. आवाज आला, तोही उघड्या बशीसारखा स्वच्छ. रोज तीनला, म्हणजे भट्टीचा माल टेबलावर यायचा त्याच वेळी. मंगळवारपर्यंत अडतीस नगांवर ओरखडे पडले. किटलीला मात्र हात लागला नव्हता.

मंगळवारी रुने माझी थट्टा करायला आला होता. तीननंतर त्याने टोपी काढून गुडघ्यांवर ठेवली. मग म्हणाला, "किटली तळ्यात टाक, ताई. म्हातारी तिच्यासाठीच येतेय."

"किटली आईची आहे. आई जन्मभर घाबरली, आपणही घाबरलो. तेवढं पुरे झालं."

बुधवारी मी सगळी भांडी टेबलावर मांडली. टेबलाच्या टोकाची खुर्ची टीराबाईंसाठी रिकामी ठेवली, स्वतः समोर बसले. वडिलांची जुनी कानस मांडीवर घेतली. रुने बाहेर गाडी चालू ठेवून बसला होता. काय कामाला येणार होता देव जाणे.

तीन वाजले.

टिंग... खर्रर्र. टिंग... खर्रर्र. उरलेल्या सातही नगांवर, माझ्या नजरेसमोर, पांढरी पूड उडाली. हात दिसला नाही.

मग... किटली.

टिंग...

तो नाद खूप वेळ खोलीत राहिला. मी ओरखड्याची वाट पाहिली. तो आला नाही.

म्हणजे पंचेचाळीस दुसरे, आणि पहिला एकच. जो बाईंनी स्वतःसाठी ठेवला होता तोच.

मी उभी राहिले. "टीराबाई, हे सगळं एकाच हाताने रंगवलंय," मी म्हटलं. "तुम्हाला आवडेल तेवढं पहिलं आणि बाकीचं दुसरं, हे माझ्या घरात चालणार नाही."

आणि मी किटली उलटी करून स्वतः ओरखडा मारला. तो वाकडा गेला.

घर गप्प झालं. भिंतीवरचं घड्याळसुद्धा.

मग... माझ्या मागे... खांद्याच्या हाडावर...

टक. टक.

बोटाच्या सांध्याने. आणि कानाजवळ गार हवा, कोणीतरी ऐकायला वाकल्यासारखी. मी वळले नाही. मान वळतच नव्हती, खोटं कशाला सांगू?

"बोला," मी म्हटलं. "बोला ना."

ना पहिला, ना दुसरा. थोड्या वेळाने घड्याळ पुन्हा चालू झालं.

शनिवारी लोविसा आली. तिने पहिली बशी उलटली आणि तिचा चेहरा पडला. "सिवताई, तुम्ही तर म्हणाला होतात..." मी म्हटलं, सगळी उलटीच मांड. आईची खूण वर, ओरखडा वर. पाटीवर नाव येर्दा, आणि दर्जाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. तिने तसंच केलं. सेहेचाळीस नग आजही तसेच आहेत.

त्यानंतर मी ओरखडेवालीही घेते. एकोणीस वर्षं मी आईच्या बशा परत खोक्यांत टाकत होते, टीराबाईंचंच काम पुढे चालवत होते. याची मला लाज वाटते.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या बुधवारी संध्याकाळी मोजे काढले, तर माझ्या डाव्या तळपायावर, भांड्यांच्या बुडाशी असते तशी, एक आडवी रेघ होती. बारीक, सरळ. रक्त नाही. दवाखान्यातली नर्स म्हणाली, कशावर तरी पाय पडला असेल.

ती रेघ अजून भरलेली नाही. रोज दुपारी तीनला ठणकते. रुने म्हणतो, मोठ्या डॉक्टरला दाखव. मी दाखवत नाही. तीन वाजले की मी जिथे असेन तिथे, दुकानाच्या रांगेत का असेना, सगळा भार त्याच पायावर टाकते आणि उभी राहते.