न वाचलेली विहीर

मुलांनो, जरा कल्पना करा. भर दुपार आहे, पण तुम्ही बसलाय तिथे उजेड नाही. साल दोन हजार सात. उल्हासनगरच्या 'कॅम्प दोन' या भागातलं, काळ्या काचांचं एक सायबर कॅफे. कानांवर हेडफोन, पडद्यावर एक ओसाड गाव. गावात पायऱ्यांची विहीर. आणि विहिरीवरचा रहाट... कुणी ओढत नसताना हळूच फिरतो. कुर्रर... कुर्रर...

शिरगावहून कॉलेजला येणारी नूतन हे पाहून एवढ्या जोरात किंचाळली, की शेजारच्या खुर्चीतला मुलगा ताडकन उभा राहिला.

"ओ मॅडम, रहाट आहे तो! चावत नाही."

"मग तुम्ही का उठलात?"

तो हसला. नाव मिलिंद, राहणार अंबरनाथ. तोही हाच खेळ खेळायचा. इंटरनेटवरचा हा खेळ म्हणजे एक लांबलचक गोष्टच होती. वर्षा-दीड वर्षाने कंपनी तिचा नवा भाग आणायची. मिलिंद दोन भाग संपवून बसला होता. नूतन अजून पहिल्यातच. गावकऱ्यांचं एकूण एक बोलणं ती वाचत बसायची.

मग रोज दुपारी शेजारशेजारच्या त्याच दोन खुर्च्या.

"कासव आहेस नुसती! दुसऱ्या भागात ये ना. पावलापावलाला राक्षस. फुल टू धमाल!"

"म्हणूनच तिथे भीती वाटत नसेल. इथे काहीच होत नाही, नुसता रहाट फिरतो... नि माझे हात गार पडतात. बघ."

त्याने बघितलं. खरंच गार होते. आता धरून ठेवायचे की सोडायचे, हे मात्र त्याला कळेना.

आणि बातमी आली. शनिवारी तिसरा भाग येणार, आणि जुनं गाव कायमचं बंद होणार. सगळ्यांनी थेट नव्या नगरीत जायचं. मिलिंदचे मित्र त्याला केव्हाचे बोलवत होते. तो गेला, तर या खुर्चीकडे कशाला फिरकेल? नूतनच्या डोक्यात तेवढंच घोळत राहिलं.

शुक्रवारी ती म्हणाली, "आज विहिरीत उतरायचंच. तू बस इथे."

एकेक पायरी... पडदा काळोखत गेला. खालून बांगड्या किणकिणल्या. नूतनने मिलिंदची बाही घट्ट पकडली. अजून एक पायरी —

लाइट गेली.

"लोडशेडिंग! अब दो-तीन घंटे भूल जाओ," मालक दारातून ओरडला. यूपीएस थोडा वेळ किंचाळला आणि तोही गप्प झाला. काळ्या काचांच्या आत गुडुप अंधार.

"मिलिंद, तू उतरला होतास ना? कोण होतं खाली?"

अंधारात त्याची खुर्ची करकरली.

"सांग ना!"

"माहीत नाही, यार... मी वाचलंच नव्हतं. बटण दाबत पुढे गेलो. सगळी गोष्टच तशी ओलांडली."

विहिरीची वाटली नव्हती एवढी भीती तिला आता वाटली.

"उद्या मलाही अशीच ओलांडून जाशील."

"नाही!" अंधारात तो एकदम ओरडला. "उद्या नव्या नगरीत येत नाही, असं सांगितलंय मी पोरांना. नूतन, तीन वर्षांत या खेळाला मी कधी घाबरलो नाही. आज घाबरलोय. तू... तू नाही म्हणशील म्हणून. आवडतेस तू मला. हो की नाही? पटकन सांग ना!"

"पुन्हा पटकन?"

"...बरं. सावकाश सांग. मी थांबतो."

बाहेरून मालकाने हाक मारली, "पोरांनो, या बाहेर!" दार चार पावलांवर होतं. नूतन मात्र उठली नाही. तिने आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि विहिरीच्या तळाशी कोण होतं, ते स्वतःच रचून सांगायला लागली. घाई न करता, एकेक पायरी उतरत...

आणि तिच्या गोष्टीत खाली उतरणारी माणसं दोन होती.