जुन्या माउंटची लेन्स

"ही नाही बसायची, अक्का."

दुकानदार कृष्णमूर्तींनी नव्या कॅमेऱ्याच्या बॉडीवर लेन्स टेकवून दाखवली आणि मान हलवली. "कंपनीनं माउंटच, लेन्स अडकवायची खाचच, बदललं. बॉडी नवी घेतली की लेन्सही नवी घ्यायची. ही द्या मला, एक्सचेंजमध्ये घेतो."

वेदिकानं लेन्स चटकन उचलली आणि ओढणीत घट्ट धरली. "नको. ही द्यायची नाही."

बाहेर अव्हेन्यू रोडवर सकाळपासून भुरभुर लागली होती. ना धड पाऊस, ना उघडीप. कडेवर तीन वर्षांची रक्षिता, कानटोपी थेट भुवयांपर्यंत. वेदिकाचा हात सवयीनं तिच्या कपाळाकडे गेला. ताप नव्हता. अजून तरी.

नवऱ्याचा, उपेंद्रचा कॅमेरा उपेंद्रबरोबरच गेला होता, मारतहळ्ळीच्या रस्त्यावरच्या अपघातात, स्कूटरखाली. ही लेन्स त्या दिवशी कपाटात होती, म्हणून राहिली. रक्षिताचा अल्बमही तिथंच थांबला. त्यात ती रांगत होती आणि पुढची पानं कोरी. पोर मोठी होऊन विचारेल, मी चालायला लागले तेव्हाचा फोटो कुठाय... तेव्हा काय सांगायचं?

"माझी बॉडी जुनीच आहे, अक्का. तिला बसेल ही."

शेजारी रोल घ्यायला आलेला माणूस बोलत होता. केस भिजलेले, गळ्यात कॅमेरा, पण त्याला लेन्सच नव्हती. पुढं नुसतं काळं झाकण.

"मी गिरीराज. सायंदैनिकात फोटो काढतो. माझी लेन्स मिरवणुकीत पडली नि फुटली; आठवडाभर पेपरचा कॅमेरा वापरतो, रविवारी तो मिळत नाही. रविवारी लालबागेत ही घेऊन या. तुमच्या मुलीचे फोटो काढतो, माझंही काम भागेल. सरी? चालेल?"

"मराठी आहात?"

"तीनशे वर्षांपासून इथले. मराठी आमची कानडीत स्वल्प भिजलेली आहे, चालवून घ्या."

बऱ्याच दिवसांनी वेदिकाला हसू आलं. लगेच अपराधीही वाटलं.

*

रविवार येत गेले. लालबागेत काचघराच्या मागं बाकावर बसायचं, वेदिकानं पर्समधून लेन्स काढायची, त्यानं ओंजळीत घ्यायची आणि बॉडीवर फिरवायची — खट्! घरी निघताना तसंच उलटं. रक्षिता खारींमागं पळायची आणि तो गुडघ्यांवर, कधी कधी पोटावर ओल्या गवतात पडून फोटो काढायचा.

"सर्दी होईल तुम्हाला."

"झाली तर काढा कराल?"

"मी का करू? तुमच्या घरी कुणी नाही?"

"आई आहे. ती काढ्याबरोबर मुलींचे फोटोही दाखवते." त्यानं कॅमेऱ्यातून डोळा काढला नाही. "सगळे स्टुडिओतले. मागं तोच रंगवलेला ताजमहाल."

"मग? एखादी आवडली असेल..."

"ताजमहाल बरा वाटला."

ती हसली आणि तेवढ्यात त्यानं कॅमेरा तिच्याकडे वळवला. तिनं तळहात पुढं केला. "माझा नको." दर वेळी हेच व्हायचं आणि दर वेळी तो मुकाट्यानं कॅमेरा खाली घ्यायचा.

एका रविवारी घरी परतताना बसमध्ये तिच्या ध्यानात आलं, आज तो एकदाही अक्का म्हणाला नव्हता. मागच्या रविवारी म्हणाला होता का? तिनं आठवून पाहिलं आणि ती खिडकीकडे तोंड करून हसली. मग भीती वाटली. मांडीवर झोपलेल्या रक्षिताचा श्वास तिनं उगाचच ऐकला.

*

"नवी बॉडी घेतोय," तो एकदा म्हणाला. "फोकस आपोआप होतो. पेपरचं काम वाढलंय. कृष्णमूर्ती जुनी परत घेणार."

"छान!" वेदिका म्हणाली. एवढंच म्हणाली. लेन्स रुमालात गुंडाळली आणि पर्सची चेन ओढली. नव्या बॉडीला ही बसणार नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग पर्स एवढी घट्ट का धरावी?

पुढच्या रविवारी ती गेलीच नाही. रक्षिताला ताप भरला होता, छाती घरघरत होती. ओल्या गवतात कुणी नेलं हिला? मीच ना? कुणाच्या ओढीनं? रात्रंदिवस तिनं स्वतःलाच टोचून घेतलं. सासूबाई वाफारा देत राहिल्या, बोलल्या काहीच नाहीत. त्यांचं न बोलणं तिला जास्त लागलं.

त्याच्या पुढच्या रविवारीही ती गेली नाही. ताप उतरला होता, तरीही.

संध्याकाळी बेल वाजली. दार सासूबाईंनी उघडलं. दारात गिरीराज, नखशिखांत भिजलेला, हातात कृष्णमूर्तींनी लिहून दिलेला पत्ता. गळ्यात दोन कॅमेरे, दोन्हींना पुढं काळी झाकणं.

"वेदिका आहेत?"

आत वेदिका जागीच थिजली. त्याच्या तोंडून तिचं नाव कधी आलं नव्हतं. आलं ते सासूबाईंसमोर!

"रक्षिता बरी आहे ना?" ती बाहेर आली तसं त्यानं आधी हेच विचारलं.

"बरी आहे. आणि हे दोन?"

"जुनी दिलीच नाही. दिली असती तर..." त्यानं भिंतीकडे पाहिलं. तिथं चंदनाच्या हारात उपेंद्र हसत होता. "तर त्यांची लेन्स कुठं बसली असती? म्हणून नवी घेतली नि जुनीही ठेवली. आता नवीला लेन्स घ्यायला हातात काही उरलं नाही. दोन कॅमेरे आहेत, फोटो एकही निघत नाही."

"वेडे आहात का?"

"स्वल्प."

खिडकीवरच्या पन्हाळीतून पाणी ठिबकत होतं. मग त्यानं हळूच विचारलं, "हा फोटो कुणी काढलाय? फार आतून हसलेत ते."

"मी," वेदिका म्हणाली. "त्याच लेन्सनं."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि त्या आत गेल्या. वेदिका त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. आता काय ऐकावं लागेल?

ती कपाटाशी गेली. लेन्स आणली. आज त्याच्या ओंजळीत दिली नाही, त्याच्या गळ्यातला जुना कॅमेरा काढून घेतला आणि स्वतःच फिरवून बसवली. खट्. फोकसच्या कड्यावर उपेंद्रच्या अंगठ्यानं झिजलेली जागा होती. तिचा अंगठा नेमका तिथंच टेकला. तिनं तो तिथंच राहू दिला. चौकटीत भिजलेला, घाबरलेला गिरीराज आधी धूसर होता...

"हसा ना."

"आधी उत्तर. रविवारी येणार ना?"

आतून कपबश्या वाजल्या. सासूबाईंचा आवाज आला, अजून ओला, पण नेहमीसारखाच करकरीत.

"वेदिका, त्यांना टॉवेल दे आधी. आणि विचार, साखर किती घालतात."