हेस्लपच्या वाफ्यातली कापाकापी

फोन वाजला तेव्हा मॉरीन डॉड्स चहात बिस्कीट बुडवत होती. बिस्कीट चहातच राहिलं.

"नॉर्मनचे लीक कापलेत कुणीतरी," पलीकडून जॅकी म्हणाली. "कॅसीवर आळ आलाय. उद्या समितीत तिचं काम बंद करायचा ठराव येतोय. मग परत कोर्ट."

जॅकी किशोर न्याय सेवेत होती. सोळा वर्षांच्या कॅसी लिडलने बसथांब्याच्या काचा फोडल्या होत्या, म्हणून कोर्टाने तिला गावच्या भाजीच्या वाफ्यांवर भरपाईचं काम दिलं होतं; नॉर्मनचा वाफा त्यांतलाच. तिथे पुन्हा नासधूस केली असं ठरलं, तर पोरीची रवानगी थेट कुलूपबंद सुधारगृहात. या सेवेवर नगर परिषदेची जी समिती लक्ष ठेवायची, तिच्यात नगरसेविका मॉरीन होती. आणि समितीचा अध्यक्ष कोण? खुद्द नॉर्मन हेस्लप. फिर्यादी तोच, न्यायाधीशही तोच. मॉरीनला पहिल्याच घासाला खडा लागला.

ब्रॅकनडीनमध्ये लीक ही नुसती भाजी नव्हे. पातीच्या कांद्याचा हा थोराड भाऊ. खाणी बंद पडल्या तरी इथल्या माणसांनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवणं सोडलं नाही. लीकच्या वार्षिक प्रदर्शनाच्या तोंडावर दुसऱ्याचे लीक कापणारे महाभागही गावात होऊन गेलेत. त्यामुळे नॉर्मनच्या बोलण्यावर सगळ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला. मॉरीनने ठेवला नाही. ती तडक नॉर्मनच्या वाफ्यावर गेली.

"तुला कधी कळलं?"

"पोरगी गेल्यावर," नॉर्मन म्हणाला. "येऊन बघतो तर ही कत्तल. बघवेना, म्हणून वर गोणपाट टाकलं."

"आणि शेंडे?"

"जाळले."

"एवढी घाई?"

"मॉरीन, तुझा नवरा गेला तेव्हा मी तुझी उलटतपासणी घेतली नव्हती."

तिने गोणपाट उचललं. ते ओलंचिंब होतं. खाली दोन बुंधे, मुळांना धक्का नाही, भोवती मातीची नीट भर घातलेली. कापाच्या मधोमध बोटाएवढा टणक, गोल गाभा. मॉरीनच्या नवऱ्याने जन्मभर लीकच लावले होते. तिने गोणपाट होतं तसं ठेवलं आणि ती कॅसीला गाठायला निघाली.

कॅसी जॅकीच्या कचेरीत हाताची घडी घालून बसली होती.

"तू कापलेस?"

"सगळ्यांचं ठरलंय ना? मग मला कशाला विचारता?"

"आत्तापर्यंत कुणी विचारलं?"

"कुणीच नाही."

"मग मी विचारतेय. वाफ्यावर गेल्यापासून सांग."

"गेल्या गेल्या आपटले. त्याच्या त्या ओल्या गोणपाटात पाय अडकला. ही जॅकी फिदीफिदी हसत होती."

जॅकीने मान डोलावली. "खरंय. नंतर मला फोन आला, मी बाजूला गेले, तेवढाच वेळ ती एकटी होती. नॉर्मन म्हणतो, तेवढ्यातच तिने डाव साधला."

"गोणपाट केवढं उंच होतं?"

"उंच?" कॅसीने कपाळाला आठ्या घातल्या. "जमिनीवर सपाट पडलं होतं. उंच असतं तर दिसलं नसतं का मला?"

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक भरली. कॅसी आणि जॅकी मागच्या रांगेत होत्या. नॉर्मनने ठराव वाचायला घेतला, आणि मॉरीन उठली.

"अध्यक्षमहाराज, गोणपाट तुम्ही टाकलंत?"

"सांगितलं ना. पोरगी गेल्यावर."

"मग पोरगी आल्या आल्या त्यात अडखळून कशी पडली? जॅकीनेही ते पाहिलंय."

"असेल एखादं उभ्या पिकावर घातलेलं."

"तुमचे लीक माझ्या कमरेला लागायचे. त्यांच्यावर गोणपाट सपाट कसं पडेल? म्हणजे पोरगी यायच्या आधीच ते कापले होते. शत्रू लीक कापतो आणि चालता होतो. हा कापणारा मात्र बुंध्यांना भर घालतो, मुळं सुकू नयेत म्हणून ओलं गोणपाट पांघरतो. का? बुंधा जगला तर बाजूने फुटतो, वाण राहतो. नॉर्मन, तो वाण तुझ्या वडिलांचा. लीक कापताना तुझा हात चालला, वाण मारताना चालला नाही."

"स्वतःचेच लीक मी का कापीन?"

"डेंगळा आला म्हणून. बुंध्यातला तो टणक गाभा त्या फुलाच्या दांड्याचाच. बिजाला निघालेला लीक प्रदर्शनातून बाद होतो. शेंडे जाळलेस, कारण डेंगळ्याचं बोंड त्यांच्यातच होतं."

नॉर्मनने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"दर वर्षीचा विजेता मी," तो पुटपुटला. "डेंगळ्याचे लीक घेऊन गेलो असतो तर अख्खं गाव हसलं असतं."

"हसलं असतं आणि चहा पिऊन घरी गेलं असतं!" मॉरीन कडाडली. "इथे पोरीच्या आयुष्याला कुलूप लागत होतं!"

ठराव बारगळला. नॉर्मन अध्यक्षाच्या खुर्चीतून उठला. मग जॅकी उभी राहिली. अपराध करणाऱ्याने ज्याचं नुकसान केलं त्याच्यासमोर बसायचं, अशी त्यांच्या सेवेची रीत होती. पण समोरच्याची तयारी असेल तरच.

"कॅसी, तुझी तयारी आहे?"

"आहे. आत्ताच."

ती पुढे आली, नॉर्मनसमोर खुर्ची ओढून बसली. "काचा फोडल्या तेव्हा मला तुम्ही सगळ्यांनी पहिलं हेच विचारलं होतं. आता मी विचारते. हे करताना दुसऱ्याचं काय होईल, हा विचार तुमच्या डोक्यात आला होता का?"

नॉर्मनने ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला.

"आला होता, पोरी," तो म्हणाला. "म्हणून तर तुझा कामाचा दिवस निवडला."